तेरवीच्या दिवशी लाईट लागला

बायकोच्या तेरवीले माझा साळा एटापल्लीहून जुन्या पिकअपमध्ये माणसं घेऊन आला. डावा हेडलाईट बंद होता आणि परतीचा रस्ता जंगलाचा. मी जन्मभर गाड्याच चालवल्या. पंगत बसत होती, तेवढ्यात मी हळूच उठलो.

डावा बल्ब काढून उजवीकडे लावला, तो लागला. म्हणजे बल्ब चांगला होता. मग डावीकडच्या वायरले टेस्ट लॅम्प लावून पाह्यला, तर करंट येत होता. राहिली गाडीच्या बॉडीले जोडलेली अर्थिंगची तार. तिचा बोल्ट पार गंजला होता. खरवडून परत कसला आणि लाईट भक्कन पेटला. मी जोरात हसलो, "लागला रे!" म्हणून ओरडलोही.

आंगणात वाढणाऱ्या बाया वळून पाहू लागल्या. साळ्याची बायको म्हणाली, "भाऊजी, आज तरी हसू नका ना. लोक काय म्हणतीन?"

लोकांचं मले काही नाई. पण गाडीजवळ होतो तोवर बायको मले एकदाही आठवली नव्हती, आणि बरं वाटत होतं. हात धुवून मी पंगतीत जाऊन बसलो. खरं सांगतो, पानावर बसूनही मनात हेच येत होतं, की उजवाही लाईट बंद असता तर बरं झालं असतं.