विकतच्या पिठाचा जोगवा

नात दवाखान्यात होती. डेंगू उतरत नव्हता आणि आज काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी जिन्यात उभी राहून माहूरच्या रेणुकेला नवस बोलले. पोर घरी येऊ दे, मी नवरात्रात एकटी सायकलने तुझ्या गडावर येईन, आणि वाटेत रोज पाच घरी जोगवा मागून त्याच पिठाची भाकर खाईन. सून शेजारी उभी होती, तिने ऐकलं. देवी खरंच ऐकते की नाही, याची मला तेव्हाही खात्री नव्हती. पण माणूस जिन्यात उभं असलं की खात्रीचा विचार करत नाही.

पोर बरी होऊन घरी आली. सायकलची मला भीती नव्हती. लकडगंजात राहून सगळ्या नागपुरात मी जन्मभर सायकलवर पापड-वड्या विकल्या आहेत. ह्यांनी टायर बघून दिले, ब्रेक आवळून दिले. भीती जोगव्याची वाटली. परडी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, अंबाबाईच्या नावाने मूठभर पीठ मागायचं, आणि घालणाऱ्या बाईला कुंकू लावायचं, एवढंच त्यात असतं. चांगल्या चांगल्या घरच्या बायका मागतात, त्यात कमीपणा नाही, हे मला ठाऊक होतं. पण मी कधी कोणाकडे काही मागितलेलं नाही. घरात विरजण नसलं तर दूध तसंच पिऊन टाकलं, शेजारणीच्या दारात वाटी नेली नाही. गल्लीत माझं तसं नावच होतं आणि मला त्याचा गर्व होता.

आमच्याकडे पहिला जोगवा आपल्याच गल्लीत मागतात. निघायच्या सकाळी मी शेजारणीच्या दारापर्यंत गेले. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. ज्या बाईशी मी पापडाच्या भावावरून भांडले, तिच्यापुढे परडी धरायची, हे मला जमेना. मी मागे फिरले, सायकल काढली आणि इतवारीत जाऊन एका दुकानातून ज्वारीचं पीठ विकत घेतलं. त्यातलं थोडं परडीत घातलं, बाकीची पिशवी कॅरिअरला बांधली. पीठ ते पीठ, असं मनाला सांगितलं. खापरीच्या पुढे सुनेचा फोन आला. "आई, झाला का जोगवा?" मी म्हटलं, "झाला. पाचही घरी झाला." ती "बरं" म्हणाली.

वर्धा रोडने ऊन चढत गेलं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, पण पाय चांगले चालत होते आणि मी मनात खूष होते. कोणापुढे हात न पसरता नवस फेडायची युक्ती मला सापडली होती. बुटीबोरी मागे पडली. पुढे एका झाडाखाली पाणी प्यायला थांबले, तर पुन्हा फोन. "आई, पोरीचं अंग गरम लागून राहिलं. घाबरू नका, तुमाले सांगावं म्हणून सांगितलं."

मी तिथेच मातीत बसले. देवी अशी सूड घेणारी असते, असं मी मानत नाही, आजही मानत नाही. पण त्या वेळी परडीतल्या पिठाकडे मला बघवेना. त्यात कोणाचीच मूठ नव्हती. पोरीच्या जिवासाठी बोललेला शब्द मी दुकानातून विकत घेतला होता, आणि वर सुनेला खोटं सांगितलं होतं. पीठ फेकता येत नाही, अन्न आहे. परडीतलं पिशवीत ओतलं, परडी पदराने पुसली आणि जवळच्या गावात सायकल हातात धरून शिरले.

पहिल्याच घरी एक तरणी बाई फाटकात उभी होती. माझा आवाज नीट निघाला नाही. तिने मला खालून वर पाहिलं. "सायकल हाय, मोबाईल हाय, पिशवीत पीठ हाय, अन् जोगवा काहून मागून राहिली वं आजी? अन् कुंकू कुठं हाय?" तेव्हा लक्षात आलं, कुंकवाचा करंडा मी घरीच विसरले होते. मागायचंच नव्हतं तर करंडा आठवणार कुठून? एरवी मी तिला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी मान खाली घालून पुढे गेले. तिचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या घरच्या म्हातारीला आधी कुंकूच मागितलं. तिने कागदात पुडी बांधून दिली, वर पीठही घातलं. त्यापुढच्या तीन घरांतही मिळालं, एकीने तांदूळ घातले. प्रत्येक दारात कान तापत होते. एक घर राहिलं होतं. गावाच्या टोकाला टिनाचं छप्पर असलेल्या घराच्या उंबऱ्यावर एक बाई पिठाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी परडी पुढे केली, तशी ती हसायला लागली.

"माय, सकाळपासून लाईन नाही, गिरणी बंद. घरात घट बसले अन् निवदाले पीठ नाही. शेजारी दोनदा मागून आणलं, पोट्ट्यायनं खाऊन टाकलं." मग तिची नजर कॅरिअरकडे गेली. "तुह्या पिशवीत पीठच हाय ना? मले दे ना वं."

किती सहज मागितलं तिने! मी म्हटलं, "ते विकतचं हाय."

"मंग? विकतचं पीठ देवी खात नाही काय?"

"खोट्या जोगव्याचं हाय ते. मागाची लाज वाटली म्हणून मी दुकानातून घेतलं." हे तोंडातून निघालं आणि मला रडू आलं. मी सहसा रडत नाही.

ती डबा घेऊन उठली. "तू मागाले आली अन् मीच तुले मागून राहिली. मले लाज नाही वाटत, तुले काहून वाटते? मायजवळच तर मागतो आपण." तिने माझी पिशवी सोडली, सगळं पीठ डब्यात ओतलं, आणि त्याच डब्यातून भरगच्च एक मूठ माझ्या परडीत घातली. "घे. आता हे माह्या घरचं झालं."

मी पुडी उघडून तिला कुंकू लावलं.

तिने रात्री जाऊ दिलं नाही. पाच घरच्या पिठाची भाकर तिच्याच चुलीवर भाजून आधी देवीपुढे ठेवली, मग खाल्ली. सुनेला फोन केला. पोरीचं अंग थंड झालं होतं, ती उन्हात खेळून आली होती म्हणून तापलं असेल, असं सून म्हणाली. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. मी तिला सकाळचं खोटं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मले माहीत होतं आई. करंडा इथंच होता."

"मंग तेव्हाच बोलली काहून नाही?"

"तुमाले कोण बोलन?"

त्या फाटकातल्या बाईपेक्षा हे मला जास्त लागलं. माझ्याच घरात माझ्याशी खरं बोलायची कोणाची हिंमत नव्हती, आणि मी त्याला मान समजत आले होते.

पुढे माहूरपर्यंत रोज जोगवा मागितला. लाज पूर्ण गेली नाही, पण पाय मागे फिरले नाहीत. गडावर पुजाऱ्याने तांबूल द्यायला हात उचलला आणि माझा हात आपोआप पसरला. आपलं म्हणून धरून ठेवलेलं सुटल्याशिवाय हात रिकामा होत नाही, आणि भरल्या हातावर देवी तरी काय ठेवणार? एवढंच मला कळलं. त्या टिनाच्या घरातल्या बाईला मी रोज दिव्यासमोर हात जोडते. नाव विचारायचं राहून गेलं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन शेजारणीकडे विरजण मागायला गेले. ती धावतच दारात आली. "काय झालं वं काकू? पोर बरी हाय ना?"

"बरी हाय," मी म्हटलं. "विरजण दे."

तिने दिलं. दही चांगलं लागलं.