बांधीतलं गाणं आणि कंपनीचा सर्व्हर

कंपनीच्या तांदळाची जाहिरात मी पहिल्यांदा पाहिली ती ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वरून ड्रोनने घेतलेली हिरवी शेतं, मग एक गोरीपान बाई पातेल्याचं झाकण उघडून वाफ हुंगते आणि हसते. तिच्यामागे कोणीतरी गात होतं. तो माझ्या आईचा आवाज होता. ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडत होती, आणि मी ती जाहिरात पुन्हा पहिल्यापासून लावून ऐकत होते.

आई आयुष्यभर आसगावच्या बाजूला धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेली. आमच्याकडे बाया रोवताना गातात हे सगळ्यांना माहीत आहे. त्या काय गातात हे मात्र फक्त त्यांनाच माहीत असतं. मालकाची चेष्टा असते ती मोठ्याने, त्याला ऐकू जावी म्हणूनच. पण दुपार कलली की दुसरी गाणी निघतात. सासूची, नवऱ्याची, कोणाला न सांगितलेल्या दुखण्याची. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या चिखलात, वाकलेल्या बाईचं तोंड कोणाला दिसत नाही, म्हणून ती तिथे सगळं म्हणू शकते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा असलेला शहाणा माणूस अशा वेळी आपणहून लांब जातो. आणि बांधीत म्हटलेलं घरी कोणी काढत नाही, ही रीत.

माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. काही महिन्यांची होऊन गेली. पोरीसाठी कशाला एवढं रडायचं, असं घरात म्हणाले. मग आई घरात रडलीच नाही. तिने चिखलात गाणं केलं आणि दर रोवणीला म्हटलं. घरात ते कोणी कधी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही.

एका दुपारी तीच म्हणाली, "आता गुडघे बोलून राहिले. हे गानं तुह्यापाशी असू दे." मी फोन समोर ठेवला. ती गायली. शेवटाला आली असं वाटलं तोच थांबली आणि म्हणाली, चहा ठेव.

माझा फोन जुना, गच्च भरलेला. मी ते रेकॉर्डिंग ऑफिसच्या संगणकावर टाकलं, "आईचं रोवणीचं गाणं" असं नाव देऊन. यात मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या ऑफिसात कोणाच्या लग्नाचे फोटो होते, कोणाच्या लेकराची मार्कशीट, कोणाच्या बापाचा एक्स-रे. आमच्या गावात एकाचं धान दुसऱ्याच्या पडवीत महिनोन्‌महिने राहतं आणि घरवाला पोत्याची शिवण उसवून बघत नाही. मी कंपनीला तसाच शेजारी समजले. माझ्या फोल्डरला पासवर्ड होता, म्हणजे कुलूप होतं. दुसरी चावी पहिल्या दिवसापासून कंपनीकडे होती, एवढंच मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. हा माणूस वाईट नाही, पण वरच्यांचा फोन आला की खुर्चीत बसल्या बसल्या उभा राहिल्यासारखा बोलतो.

"मॅडम, कायले टेन्शन घेऊन राहिल्या? नागपूरच्या जाहिरातवाल्यायले गावचं गानं पायजे होतं. त्यायनं सर्व्हरवर रोवणी म्हनून शोधलं, सापडलं. आई फेमस झाली ना तुमची!"

"ते गाणं माझं खाजगी होतं."

"कम्प्युटर कंपनीचा, सर्व्हर कंपनीचा. त्याच्यावरचं सारं कंपनीचंच. सही हाय तुमची."

सही होती, नाही म्हणत नाही. नोकरी लागते त्या दिवशी माणूस पुढे येईल त्या कागदावर सही करतो. पण मी सही माझ्या आठ तासांवर केली होती. माझ्या आईचा गळा कंपनीने दिलेला नाही, आणि तिची लेक तर नाहीच नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. शब्द कोणी ऐकले का, असंही विचारलं. तो म्हणाला, शब्द कोन आयकते, चाल गोड हाय.

त्याच संध्याकाळी मी गावी जाऊन आईला जाहिरात दाखवली. लपवलं असतं तर तिला कोणा दुसऱ्याच्या फोनवर ऐकू आलं असतं. तिने ती वाफ हुंगणारी बाई पाहिली, स्वतःचा आवाज ऐकला, आणि फोन पालथा ठेवला.

"माह्या पोरीवर भात विकून राहिले काय?"

ती माझ्यावर चिडली नाही. मला ते जास्त लागलं.

रोवणीचे दिवस होते. त्या आठवड्यात आमच्या राइस मिलच्या आवारात कंपनीने व्यापाऱ्यांचा मेळावा ठेवला होता, आणि कंपनीचे खुद्द मालक येणार होते. आई आली. एकटी नाही, तिच्यासोबत रोवणाऱ्या साऱ्या बाया आल्या, पायाचा चिखल तसाच. आईच्या हातात धानाच्या पऱ्ह्याची, कोवळ्या रोपांची, पेंडी होती. रोवणी संपायच्या दिवशी आमच्याकडे बाया अशी पेंडी मालकाच्या वाटेत ठेवतात आणि मागितलेलं मिळेपर्यंत त्याला पुढे जाऊ देत नाहीत. कितीही मोठा मालक असो, तो पेंडी ओलांडत नाही. ओलांडली तर पीक रुसतं असं मानतात. मालकांची गाडी गेटशी आली तशी आईने ती पेंडी तिच्या चाकापुढे ठेवली.

वॉचमन ती उचलायला वाकला. मालकांनी आतूनच त्याला थांबवलं. कंपनी केवढी का असेना, माणूस धानवाल्या घरातलाच होता. ते उतरले, हसत खिशात हात घातला. बायांनी त्यांच्या नावाचं चेष्टेचं गाणं सुरूच केलं होतं आणि व्यापारी माना खाली घालून हसत होते.

"पैसे ठेव तुह्यापाशी," आई म्हणाली. "माहं गानं दे."

त्यांना काही कळेना. मी पुढे झाले आणि ते गाणं कोणाचं, कशावर, आणि त्यांच्या कंपनीने ते कुठून उचललं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांचं हसू गेलं. त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. जाहिरात त्याच दिवशी उतरली.

त्यानंतर माझी बदली वजनकाट्यावर झाली. तिथे धूळ आहे आणि संगणक नाही. शिक्षा दिली असं त्यांना वाटतं. मी खुशीत आहे.

पण एक गोष्ट राहिली. माझं फोल्डर पुसायला आलेल्या संगणकवाल्याने सांगितलं की इथलं गेलं तरी बॅकअपमध्ये कॉपी राहते. कुठे, ते त्यालाही नीट सांगता येईना. आईला हे सांगताना मला रडू आलं. ती बांधीत रोवत होती, मी तिच्या शेजारी वाकले होते.

"काहून रडतंस? त्यायच्यापाशी काय हाय?" ती म्हणाली. "शेवटची ओळ मी तुह्या फोनात म्हनलीच नोहती. तिचं नाव हाय त्याच्यात. यंत्रापुढे कोन लेकराचं नाव घेते?"

आणि तिने, मान वर न करता, ती ओळ मला गाऊन दाखवली. माझ्या बहिणीला नाव होतं हे मला तेव्हा कळलं. ते मी कुठेही टाइप केलेलं नाही. इथेही करणार नाही.