चालवणाऱ्याला गाडी लागत नाही

पेट्रोलपंपामागच्या ऑफिसात घरगाड्या भाड्याने मिळत. घरगाडी म्हणजे सात मीटर लांबीची मोटार; आत पलंग, शेगडी, बेसिन आणि ज्यात वळायचं तर आधी श्वास सोडावा लागतो असं न्हाणीघर. ती घेऊन निघणाऱ्यांना प्रवास आखून देणाऱ्या बाईंना सगळे रस्तेबाई म्हणत.

रस्तेबाईंचं काम चोख. किनाऱ्याने जायचं तर समुद्र शेजारी बसणाऱ्याच्या खिडकीत आला पाहिजे. जंगलात कुठे फांद्या टपाला घासतील, डोंगरात पाण्याची टाकी कुठे भरायची, सांडपाण्याची कुठे रिकामी करायची, हे सगळं त्यांच्या कागदावर असे. मुक्कामाची जागा सपाटच हवी. उतारावर झोपलेला माणूस सकाळी भिंतीला चिकटलेला सापडतो. वनचौकीवरच्या बाई, घाटातला पंक्चरवाला, सगळीकडे त्यांच्या ओळखी. पण सगळ्या फोनवरच्या.

कारण रस्तेबाईंना गाडी लागायची. लग्नानंतर दोघं फिरायला निघाले, तेव्हा तिसऱ्याच वळणावर नवऱ्याच्या कोऱ्या सदऱ्याची जी दशा झाली, ती बघून ड्रायव्हरनेच गाडी माघारी वळवली. तेव्हापासून एकवीस वर्षं दोघं गावाबाहेर पडले नव्हते. नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याचं दुकान गल्लीच्या टोकाला, चालत चार मिनिटं.

एकदा एक निवृत्त मुख्याध्यापिका सहलीहून परतल्या आणि किल्ल्या ठेवायला थेट रस्तेबाईंच्या टेबलाशी आल्या.

"रस्ता फार सुरेख आखलात हो. पण 'इथून तळं दिसतं' असं लिहिलंय ना, तिथे झाडी माजलीय. आम्ही तासभर पानंच बघत बसलो. तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात तिथे?"

रस्तेबाईंना खोटं जमेना. "मी गेलेच नाहीये."

"तळ्यावर?"

"कुठेच. सगळं विचारून लिहिते."

मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "विचारता मात्र छान," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. रस्तेबाई दिवसभर तोंड पाडून बसल्या.

गॅरेजमधली मेकॅनिक पोरगी हात पुसत आत आली. सगळं ऐकून म्हणाली, "ताई, चालवताना कधी लागलीय गाडी?"

"चालवलीय कुणी!"

"चालवणाऱ्याला सहसा लागत नाही. वळण येणार हे अंगाला आधीच कळतं ना. माझी आत्या रिक्षात बसली तरी ओकायची. आता ट्रक चालवते."

सत्तेचाळिसाव्या वर्षी रस्तेबाई ड्रायव्हिंग शिकायला लागल्या. पहिल्या दिवशी वळायचं म्हणून वायपर लावले. लायसन्स दुसऱ्या खेपेला मिळालं. मग मेकॅनिक पोरीने मोकळ्या मैदानात रिकामे डबे मांडून त्यांना घरगाडी मागे घ्यायला शिकवलं. दोन डबे कायमचे कामातून गेले. मालकांनी मान दुसरीकडे फिरवली.

शेवटी एका सकाळी रस्तेबाई आणि नवरा घरगाडी घेऊन निघाले. किनारा मजेत पार पडला, जंगलही. तिसऱ्या दिवशी घाट लागला. शेजारी नवरा मांडीवर पिशवी, टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन जय्यत तयारीत. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला रस्तेबाईंनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखली. चौथं, पाचवं, सहावं. पोट गपगार!

"अहो, मला काही होत नाहीये! ऐकताय ना?"

त्यांनी हळूच पाहिलं, तर नवऱ्याचा चेहरा कच्च्या पेरूसारखा.

"तुला होत नसेल," तो कसाबसा म्हणाला. "मला होतंय. थांबव!"

गाडी कडेला थांबेपर्यंत पिशवी कामी आली होती. बाहेर दगडावर बसून तो चुळा भरत होता आणि रस्तेबाईंना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं.

"एकवीस वर्षं सगळे मला हसले!"

"मला तरी काय माहीत?" तो म्हणाला. "माझी पाळी यायच्या आधीच आपण परतलो होतो." मग त्यालाही हसू फुटलं आणि हसताना परत मळमळलं.

पुढे ताशी वीसच्या वेगाने, खिडक्या उघड्या टाकून, ते वर पोचले. पंक्चरवाला टायर सोडून बाहेर आला. "आवाजावरून तुम्ही उंच वाटत होता," तो म्हणाला. त्याने धबधबा दाखवला. फोनवर जरा फुगवून सांगितल्याचंही कबूल केलं. पण दरीबद्दल त्याने काहीच सांगितलं नव्हतं. ढग खाली होते आणि त्यांच्या सावल्या रानावरून सरकत होत्या. रस्तेबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वही काढायचं सुचलंच नाही.

आता मालक वर्षातून दोनदा त्यांना गाडी देतात. नवरा किनाऱ्यापर्यंत सोबत येतो, तिथे एका खोलीत उतरतो आणि गळ टाकून बसतो. मासा अजून लागलेला नाही. रस्तेबाई एकट्याच डोंगर करून चौथ्या दिवशी परततात. मग तो चहा टाकतो आणि म्हणतो, "हं, पहिल्या वळणापासून सांग."