मार्थाबाईंचा गुरुवार

मार्थाबाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्याविषयी चांगलं लिहिणारे या गौरवग्रंथात पुष्कळ असतील. मला मात्र सुरुवात एका लाजिरवाण्या गोष्टीने करावी लागते. बाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा अर्ध्या तासात मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला होता.

आम्ही मूळचे शिराळ्याकडचे. आमची वस्ती उसाला लागून. सहा वर्षांपूर्वी आमच्या पाच वर्षांच्या योहानला बिबट्याने अंगणातून उचलून नेलं. दोन महिन्यांत आम्ही वस्ती सोडली आणि सांगलीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. आठ वर्षांची रिबेका घराबाहेर पाऊल टाकीना. तिची शाळा बंद पडली. इथल्या चर्चच्या मंडळीत कुणीतरी बाईंचं नाव सुचवलं. मुलगी फार भिते, एवढंच आम्ही त्यांच्या कानावर घातलं. योहानचं सांगितलंच नाही.

बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. रविवारी चर्चमध्ये त्या मुलांचं संडे स्कूल घेत, पण त्यांचं खरं काम चाले गुरुवारी संध्याकाळी, कुणाच्या तरी घरी. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, बायबलमधली एक गोष्ट वाचायची आणि मग घरातल्यांनीच ती करून दाखवायची. नियम एकच: आपल्याला कशाची भीती वाटते, ते आधी मोठ्यांनी सांगायचं, मग मुलांनी. आमच्या चर्चचे पाळकसाहेब एकदा माशाने गिळलेल्या माणसाची गोष्ट करताना माशाच्या पोटात, म्हणजे पलंगाखाली, जाऊन बसले आणि आपण इंजेक्शनला घाबरतो असं त्यांनी तिथूनच कबूल केलं. मुलं महिनाभर हसत होती म्हणे.

आमच्याकडे त्या सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलाची गोष्ट घेऊन आल्या. भित्र्या मुलांसाठी ती त्यांची ठरलेली गोष्ट. पिशवीतून त्यांनी पुठ्ठ्याचे सिंहाचे मुखवटे काढले आणि वाचायला सुरुवात केली. देवाने सिंहांची तोंडं बंद केली, इथपर्यंत त्या आल्या आणि रिबेकाने विचारलं, "मग आमच्या योहानच्या वेळी बिबट्याचं तोंड का न्हाई बंद केलं?"

माझे यजमान उठून बाहेर गेले. मी म्हणाले, "आवं बाई, जावा आता तुमी. परत येऊ नका."

पुढच्या गुरुवारी दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून त्या परत आल्या. मुखवटे त्यांनी जाळून टाकले होते. दारातच त्या रिबेकाला म्हणाल्या, "तू इचारलंस त्याचं उत्तर मला ठाऊक न्हाई, बाळ. इतकी वर्षं शिकवतीय, तरी न्हाई."

सांत्वनाला येणाऱ्यांनी आम्हाला देवाची योजना पुष्कळ समजावली होती. योजना हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. ठाऊक न्हाई म्हणणाऱ्या या पहिल्याच. मी त्यांना आत घेतलं.

मग त्यांनी बायबलमधली स्तोत्रं काढली, माणूस देवावर ओरडतो ती. वाचून झालं की प्रत्येकाने आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं. कित्येक गुरुवार कुणीच बोललं नाही. बाई बसायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या.

एका गुरुवारी मी बोलले. योहानला नेलं तेव्हा रिबेका त्याच्याजवळ होती. ती किंचाळत घरात पळत आली आणि मी, तिच्या आईने, तिचे खांदे धरून विचारलं, "तू पळालीस कशी? त्याला टाकून?" नंतर ते वाक्य मी कधीच मागे घेतलं नाही. मला बिबट्याची भीती वाटत नव्हती. माझं ते बोलणं पोरीने खरं मानलं असेल, याची वाटत होती.

रिबेका म्हणाली, "भाईर गेलं की सगळी तसंच इचारतील, असं वाटायचं मला. तू इचारलंस तसं."

आम्ही सगळे तिच्या मनातून बिबट्या घालवायला बसलो होतो. मी तिला पोटाशी धरलं आणि चुकलं माझं, चुकलं माझं, एवढंच म्हणत राहिले. थोड्या वेळाने बाईंनी पिशवी उचलली आणि दार हळूच ओढून घेतलं.

पुढे रिबेका शाळेत जाऊ लागली. पहिले चार महिने बाई स्वतः तिला सोडायला जात. आज ती चौदा वर्षांची आहे. उसाच्या कडेने ती अजूनही जात नाही, आणि बाईंनीही तिला कधी जा म्हटलेलं नाही. सत्काराच्या भाषणात कुणी चमत्कार हा शब्द वापरू नये ही विनंती. बाई रागावतील.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. योहान गेल्यापासून मी चर्चमध्ये जाते, डोळे मिटते, पण देवाकडे काही मागितलेलं नाही. आज पहिल्यांदा मागते आहे. मार्थाबाईंना पुष्कळ आयुष्य दे, त्यांचे गुडघे धड ठेव. एवढं तरी ऐक.