त्यांचं नाव

आमच्या ह्यांना मधुमेह होता. रोज सकाळी इन्शुलिनची सुई टोचावी लागे. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत असायची. त्या हिवाळ्यात त्यांना ताप आला, जेवण सुटलं, आणि त्यांनी परस्पर हिशेब केला: पोटात काही नाही, तर सुई कशाला? गिरणीत कारकून होते. दुसऱ्याचा हिशेब चुकला तर दोन दिवस बोलत. हा चुकला ते त्यांना कळलंच नाही.

आधी उलट्या झाल्या. मग खोल, लांब श्वास सुरू झाले आणि खोलीभर पिकल्या पेरूचा वास सुटला. सासूबाईंनी पलंगाखाली पेरू शोधले. दुपारी हलवूनही ते जागे होईनात, तेव्हा शेजाऱ्यांनी टांगा आणला.

इस्पितळात डॉक्टरांनी तोंडाचा वास घेतला आणि काही न विचारता कामाला लागले. शिरेतून मिठाचं पाणी, मधूनमधून सुई, लघवी नळीत औषधाबरोबर उकळून साखर किती ते रंगावरून पाहणं. विटकरी रंग हिरवट झाला, म्हणजे साखर उतरली, तेव्हा सुई चालू ठेवता यावी म्हणून त्यांनी साखरेचं पाणीही चढवलं. ज्या साखरेचा डबा मी वर्षभर लपवला, ती आता डॉक्टरच देत होते. मला राग आला.

सकाळी लघवीचा रंग आणखी सुधारला. हे मात्र डोळे उघडेनात.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला इजा झालीय का, ते कळायला हवं. माझ्या हाकेला उत्तर देत नाहीत. तुम्ही नावानं हाक मारा."

मी म्हटलं, "अहो!" पलीकडच्या दोन खाटांवरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या.

"नावानं, बाई."

नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं मला शिकवलेलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. पण ह्यांना आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे सासूबाईंच्या सासऱ्यांचं. त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. मुलाला त्या दादा म्हणत.

"दादा, ऊठ की रं," त्या म्हणाल्या. काही नाही. डॉक्टरांना नाव शेजाऱ्यांनी सांगितलं होतं म्हणून बरं. आमच्यावर असतं तर नोंद 'अहो' अशीच झाली असती.

मी फार घाबरले होते. आयुष्य कमी होईल म्हणावं, तर उरलंय किती तेच ठाऊक नव्हतं. मी वाकले आणि कानाशी नाव घेतलं. नुसतं, राव-पंत न लावता. इथं लिहीत नाही, सवय नाही.

"ओ," हे म्हणाले. अंगणातून हाक आल्यावर पोरानं म्हणावं तसं.

मला रडू कोसळलं. सासूबाईंनी मला कोपरानं बाजूला केलं. "सर की, मला बी घेऊ दे," म्हणाल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आपल्या मुलाला जन्मात पहिल्यांदा त्याच्या नावानं हाक मारली.