जुन्नरच्या पेठेतला ओटा

हिंगाचा वास आला की जुन्नरच्या पेठेतलं ते जुनं किराणा दुकान आठवतं. सरकारच्या वारसा यादीत त्या इमारतीचं नाव लागलं, तेव्हा इस्त्रीच्या कुर्त्यातला एक पढतमूर्ख तज्ज्ञ तिथं पाहुण्यांपुढे पाघळत होता, "दमलेल्या गिऱ्हाईकाला टेकता यावं म्हणून हा उंच ओटा बांधला. केवढी ही माणुसकी!" माझ्या आत्याच्या लहानपणी, विटाळ होतो म्हणून, आमच्या वस्तीला त्याच ओट्याला शिवायची बंदी होती, मिठाची पुडी वरूनच ओच्यात फेकत. त्या दिवशी माझ्यासोबत आलेली आत्या ओट्याच्या पायऱ्या चढली आणि कोरीव सागवानी खांबाला पाठ टेकून बसली. तज्ज्ञ किंचाळला, "आजी, उठा! हात लावायचा नाही!" आत्या हसली, "तवा बी हेच म्हनायचे, राव." आता कुठंही वारशाची पाटी दिसली की मी आधी ओट्याची उंची बघतो.