तिसरी 'ब'च्या खोक्यातलं शेवटचं अंडं

अगं ऐक ना, फोन ठेवू नकोस! शाळा सुटली तरी मी अजून वर्गातच आहे, खिडकीशी उभी राहून बोलतेय. मागे टेबलावर थर्माकोलचं खोकं, त्यात बल्ब आणि एकच अंडं. बाकीची पिल्लं काल बाहेर आली. ह्याने सकाळी आतून भोक पाडलं, चोच दिसली, आणि दुपारपासून ते तिथंच अडकलंय! आतून थांबून थांबून टकटक करतंय. तुझ्याशी बोलत राहिले तर माझा हात तिकडे जाणार नाही, म्हणून बोलू दे मला.

तिसरीच्या पोरांना "हाताने करून बघा" म्हटलं ना, की किस्से नुसते साचत जातात. पसारा संध्याकाळी आवरता येतो, किस्से नाही आवरत!

*

सुरुवात मटकीने झाली. मोड कसे येतात ते बघायचं, म्हणून ज्याची त्याची ओली पुरचुंडी खिडकीत ठेवली. एका सकाळी बघते तर साहिलची पुरचुंडी रिकामी!

"अरे, मोड कुठे गेले?"

पठ्ठ्या पोटावर हात फिरवत म्हणतो, "टीचर, मम्मी म्हणते मोड आले की लगेच खायचे, नाहीतर वास येतो!"

*

मग केळी. कच्चं केळं पिकताना रंग कसा बदलतो ते बघायचं होतं. मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, "प्रत्येकी एक कच्चं केळं पाठवा." एका पोराचे आबा फैजपूरहून बाइकवर अख्खा घड घेऊन हजर!

म्हटलं, "आबा, एकच हवं होतं."

आबा दुखावलेच. "मॅडम, घरची बाग असताना पोराच्या हातात एक केळं देऊ? गावात तोंड कसं दाखवू?"

ते ऐकून बाकीच्या बागवाल्यांनाही तोंड दाखवायचं होतं ना! घडांवर घड आले. आणि मला एकच धास्ती, हे सगळं एकदम पिकलं तर?

पिकलं! शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळी शाळा केळी खात सुटली. शेवटी मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. "पुढचा प्रयोग दगडांवर घ्या!"

मी घेतला अंड्यांवर.

*

अंडी आणली व्हॅनवाल्या संजूभाऊने, धरणगावहून, बहिणीच्या घरच्या कोंबड्यांची. त्या दिवशी व्हॅन इतकी उशिरा आली की प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला. मी गेटवर घामाघूम. अपघात तर नाही ना? तेवढ्यात संजूभाऊ टोपली छातीशी धरून उतरला.

"बठ्ठा साबूत शेतस, मॅडम! खड्डासले हात जोडत जोडत उनू!" सगळी शाबूत, आणि हा खड्ड्यांना हात जोडत आलेला!

*

टॉर्चवर अंडं धरलं की आतलं दिसतं. बल्बच्या उबेत आठवडा झाल्यावर मी वर्गात अंधार केला. आत लाल रेषा, मध्ये एक ठिपका हलतोय. सगळे टॉर्चभोवती दाटले. माझ्याच अंगावर काटा आला. तर साहिल हळूच म्हणतो, "टीचर, मुलगा की मुलगी ते सांगू नका हां. दवाखान्यात बोर्ड लावलाय!"

*

आणि खुशीचे दादाजी! जैन घर, सराफ्यात दुकान. पांढरेशुभ्र कपडे घालून थेट वर्गाच्या दारात.

"मॅडम, शाळेत अंडं?"

मी काही बोलायच्या आत खुशीच म्हणाली, "दादाजी, खायचं नाहीये. जन्माला घालायचंय."

दादाजींनी खोक्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आता हे जीव तुमच्या हातात आहेत. एकही जायला नको."

मला वाटलं सुटले! कसली सुटतेय? त्या दिवसापासून रोज फोन. "मॅडम, लाइट आहे ना तिकडे?"

*

एकदा लाइट गेलीच. इन्व्हर्टर फक्त मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये. आम्ही खोकं टॉवेलात गुंडाळून तिकडे पळालो. केबिनमध्ये एक पालक फीवरून तावातावाने भांडत होते. मला वाटलं, गेली माझी नोकरी! मोठ्या मॅडमनी खोकं स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतलं आणि त्या पालकांना म्हणाल्या, "हळू बोला, आत बाळं आहेत!"

*

आता आजचं. हे अडकलेलं अंडं खुशीचं, वर तिने पेन्सिलने चांदणी काढलेली. नेटवर निम्मे म्हणतात, कवच सोलू नका, रक्त जाऊन मरेल. निम्मे म्हणतात, सोला, नाहीतर आतच गुदमरेल. संजूभाऊ हॉर्न वाजवून थकला आणि वर येऊन दारात बसला. व्हॅनमध्ये बसायला एक पोर तयार नाही!

साहिल रडकुंडीला आलाय. "टीचर, तुम्हीच म्हणता ना, हाताने करून बघा!"

खुशी खोक्यावर ओणवी झालीय. "कोणी हात लावायचा नाही! टीचरच म्हणाल्या, घाई करायची नाही!"

दोन्ही मीच म्हटलंय गं!

तेवढ्यात दादाजी तिला न्यायला आले. सगळं बघितलं. खुशीच्या केसातली पिन काढली आणि माझ्या हातात दिली. "करा मॅडम. हात लावून मेलं तर पाप माझ्या नावावर."

खुशीने त्यांच्याकडे वर बघितलं. "आणि हात न लावता मेलं तर?"

मग मी खिडकीशी आले आणि तुला फोन लावला.

थांब, थांब... खुशी हाक मारतेय.

ती म्हणतेय, टकटक थांबली.

अगं, पिन माझ्या हातात आहे आणि सगळा वर्ग त्या हाताकडे बघतोय. पटकन सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?